सुराज्याचा गाडा

‘मायबाप सरकार’ हा शब्दप्रयोग आता अर्जांतून बहुतेक नाहीसा झाला आहे. आमच्या आजोबांच्या काळी मात्र तगाई मागावयाची असो की साऱ्याची सूट, आरंभी मायबापांस साष्टांग घातल्यावाचून कागद पुढे सरकत नसे. शब्द मोठा गोड आहे. राज्यकर्त्याने आईच्या मायेने पोटास घालावे आणि बापाच्या धाकाने वळण लावावे, एवढा सगळा अर्थ त्या चार अक्षरांत मावतो. परंतु मायबापांचे मूल एक दिवस मोठे व्हावयाचे असते. त्याला मिसरूड फुटते, ते उलट बोलू लागते, आणि खऱ्या मायबापांस त्याचा जितका राग येतो तितकाच मनातून अभिमानही वाटतो. सरकाररूपी मायबापांचे मूल कोणत्या साली मोठे व्हावयाचे, हे मात्र कोणत्याही अर्जात लिहिलेले आम्ही पाहिले नाही.

हाच प्रश्न एका इंग्रज लेखकाने परग्रहावरील प्राण्यांच्या गोष्टीतून विचारला आहे. आर्थर क्लार्क यांची ‘चाइल्डहुड्स एंड’, म्हणजे ‘बालपणाचा अंत’, ही कादंबरी १९५३ साली प्रसिद्ध झाली. परग्रहवासी म्हटले की ती पोरासोरांची करमणूक, असे समजून सुज्ञ वाचकांनी पान उलटू नये. पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवून घेतलेल्या उपग्रहांवरून जगभर संदेश पाठविता येतील, हे या लेखकाने १९४५ सालीच लिहून ठेवले होते. पुढे १९५६ पासून तो सिलोनात राहिला आणि २००८ साली कोलंबो येथेच वारला. आपल्या घराची धाकटी पाती इंग्रजी घेऊन शिकत असेल, तर हे पुस्तक आज ना उद्या आपल्या माजघरात येणारच आहे. आमच्या घरी ते आले, आणि गेला चातुर्मास आम्ही त्याच्याच अभ्यासात घालविला.

कथा थोडक्यात अशी. एके दिवशी जगातील सर्व मोठ्या शहरांवर प्रचंड आकाशयाने येऊन स्थिर होतात. त्यांतून तोफ सुटत नाही की सैन्य उतरत नाही. नुसता एक आवाज ऐकू येतो, आणि तो अत्यंत समंजस, सुशिक्षित व ठाम असतो. हा आवाज कॅरेलन नावाच्या पर्यवेक्षकाचा. त्याच्या जातीला माणसे ‘अधिपती’ म्हणू लागतात. अधिपती युद्धे बंद पाडतात. वर्णावरून चाललेला छळ थांबावा म्हणून ते केपटाउन शहरावरचा सूर्य काही वेळ झाकून टाकतात, आणि दुसऱ्या दिवशी सरकार शुद्धीवर येते. बैलांच्या झुंजीत बैलाला भाला लागताच ती वेदना प्रेक्षकांस स्वतःच्या अंगी जाणवते, आणि तो खेळ त्या दिवसापासून संपतो. दुष्काळ, रोगराई, दारिद्र्य, चोऱ्या, सारे हळूहळू नाहीसे होते. रामराज्य म्हणून आपण ज्याचे वर्णन कीर्तनात ऐकतो, ते प्रत्यक्ष अवतरते.

एकच अट असते. अधिपतींचे तोंड पाहावयाचे नाही. पन्नास वर्षे लोटल्यावर ते प्रकट होतात, तेव्हा त्यांना शिंगे, पंख व शेपटी असल्याचे दिसते. पाश्चात्त्यांच्या धर्मचित्रांतील सैतानच तो! परंतु तोवर नवी पिढी सुखात इतकी रुळलेली असते की कोणी दचकत नाही. या सुखाची दुसरी बाजू लेखक हळूच दाखवितो. नवे काव्य होत नाही, नवे संगीत होत नाही, शास्त्रज्ञ शोध लावीत नाहीत. कारण आपण शोधावे असे जे जे आहे ते कोणाला तरी आधीच ठाऊक आहे. काही जिद्दीची माणसे एका बेटावर वेगळी वसाहत करून कलेची ज्योत जपू पाहतात. आणि शेवटी अधिपतींच्या आगमनाचा खरा हेतू कळतो. जगातील लहान मुलांत एक विलक्षण शक्ती जागी होते. ती मुले आईबापांस ओळखीनाशी होतात, आणि अधिपतींहूनही मोठ्या अशा एका विश्वव्यापी मनात विलीन होण्यासाठी निघून जातात. मागे राहिलेल्या पिढीला पुढे वारस उरत नाही. अधिपती हे केवळ सुईणी. त्या मोठ्या शक्तीची चाकरी करणे एवढेच त्यांच्या कपाळी आहे. त्यांना स्वतःला त्या पायरीवर कधीच चढता येणार नाही. कॅरेलन वाईट नाही, खोटारडा नाही, आणि तो दुःखीही आहे. ही गोष्ट मनास चटका लावते ती यामुळेच.

आता यात आमचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध ग्रंथकारानेच जोडला आहे. कथेत कॅरेलन स्वतःच्या राज्याची तुलना करतो ती इंग्रजांच्या हिंदुस्थानातील राज्याशी. इंग्रजांना आपण तेथे कशासाठी आहोत हे धड ठाऊक नव्हते, आम्हांला मात्र आहे, असा त्याच्या बोलण्याचा झोक. आणि वेळ येताच तुम्हीही राज्य सोडाल काय, असे विचारल्यावर तो बेधडक होकार देतो. आणखी एके ठिकाणी तो म्हणतो की लोक मला हुकूमशहा समजतात, पण मी एक साधा सनदी नोकर आहे. ज्या वसाहतीच्या धोरणाची अंमलबजावणी मी करतो, ते ठरविण्यात माझा हात नव्हता. ही भाषा आमच्या ओळखीची आहे. या कादंबरीचे बीज असलेली लघुकथा क्लार्क यांनी १९४६ साली लिहिली, कादंबरी १९५३ साली निघाली, आणि या दोहोंच्या मध्ये १९४७ साल येऊन गेले, हे ध्यानात घेतले म्हणजे पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात.

आमच्या खानदेशाने तर असे कॅरेलन डोळ्यांनी पाहिले आहेत. १८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हा पेंढाऱ्यांच्या धाडींनी, अरबांच्या धुमाकुळाने आणि दुष्काळाने हा प्रांत उजाड झालेला होता. कॅप्टन ब्रिग्ज याने धुळे हे मुख्य ठिकाण करून तेथे नवी पेठ वसविली. सातपुडा व सातमाळ्यातील भिल्लांवर आधी फौजा पाठवून पाहिल्या. त्यांचा उपयोग झाला नाही. मग १८२५ साली जेम्स औट्रम नावाचा बावीस वर्षांचा तरुण अधिकारी आला. तो त्यांच्यात मिसळला, त्यांच्याबरोबर वाघांच्या शिकारी केल्या, आणि ज्यांना पकडावयाचे त्यांचीच त्याने पलटण उभारली. या भिल्ल पलटणीचे ठाणे आमच्या एरंडोलाशेजारी धरणगावास होते. औट्रम १८३५ पर्यंत येथे होता. वाटा निर्भय झाल्या, बाजार पुन्हा भरू लागले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

परंतु त्या निर्भय वाटांनी पुढे काय काय आले, तेही पाहिले पाहिजे. ज्या रानात भिल्ल राजे होते, त्या रानावर १८७८ च्या जंगलकायद्याचे कुलूप पडले. जमिनीची नवी मोजणी सुरू झाली तेव्हा १८५२ साली सावदा-फैजपूरच्या बाजूस हजारो शेतकरी तिच्याविरुद्ध उठले. त्यांना ती आपल्या हिताची आहे असे वारंवार सांगण्यात आले होते. आमचे एरंडोल एके काळी हातकागदासाठी नावाजलेले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी सरकारी गॅझेटियराने तो धंदा अल्प प्रमाणात शिल्लक असल्याची नोंद केली. पुढे गिरणीच्या कागदापुढे त्याचा टिकाव लागला नाही. गावावर कोणी तोफ डागली नाही. नुसता अधिक पांढरा, अधिक गुळगुळीत व अधिक स्वस्त कागद आला. कादंबरीतील कवी आणि संगीतकार यांचेही असेच झाले होते.

महाराष्ट्रात या गोष्टीचा विचार फार पूर्वीच सुरू झाला होता. लोकहितवादींनी १८४८ पासून ‘प्रभाकर’ पत्रात शतपत्रे लिहिली, तेव्हा इंग्रजांचे राज्य ईश्वराने आपणांस शहाणे करण्यासाठी आणले आहे अशी त्यांची श्रद्धा होती. पण शिष्य शहाणा झाला की गुरूने निघून जावे हेही त्यांना अभिप्रेत होते. दादाभाईंनी १९०१ सालच्या आपल्या ग्रंथात या राज्याची किंमत पैशांत मोजून दाखविली. आणि टिळकांच्या काळात तर ‘सुराज्य’ आणि ‘स्वराज्य’ या दोन शब्दांतील एका अक्षराचा फरक घराघरांतून बोलला जाऊ लागला. १९३६ साली आमच्या खानदेशातील फैजपूर या खेड्यात राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले, तेव्हा हा फरक गाडीबैल जुंपून आलेल्या शेतकऱ्यालाही समजलेला होता. सुराज्याने पोट भरते हे तो जाणत होता. तरीही तो आला होता.

तथापि या प्रश्नाचे सर्वांत जुने आणि सर्वांत तीक्ष्ण रूप आम्हांस इंग्रजी राजवटीत सापडले नाही, ते आमच्याच गावाच्या आख्यायिकेत सापडले. अंजनी नदीच्या काठचे आमचे एरंडोल म्हणजे महाभारतातील एकचक्रा नगरी, असे येथील परंपरा मानते. जवळच पद्मालयाच्या रानात भीमाने बकासुरास मारल्याची जागाही दाखवितात. एकचक्रेचा मान सांगणारी गावे देशात आणखीही आहेत. त्यांच्याशी आम्हांस भांडावयाचे नाही. कथा मात्र सर्वांनी पुन्हा एकदा मूळ आदिपर्वात वाचावी. लहानपणी ऐकलेल्या गोष्टीतील बकासुर हा नुसता खादाड राक्षस असतो. व्यासांचा बकासुर त्याहून फार वेगळा आहे. पांडवांना आश्रय देणारा ब्राह्मण कुंतीला सांगतो की हा बक या प्रदेशाचा व नगराचा रक्षणकर्ता आहे. त्याच्यामुळे आम्हांस परचक्राचे भय नाही, इतर भूतांचे भय नाही. या भागाचा जो राजा आहे तो दुबळा. प्रजेचे रक्षण त्याच्याने होत नाही. ते बक करतो. त्याचे वेतन एवढेच, की गाडाभर भात, दोन रेडे आणि तो गाडा घेऊन जाणारा माणूस. घराघराची पाळी ठरलेली. प्रत्येक घराची पाळी पुष्कळ वर्षांनी येते.

सुज्ञ वाचकांनी त्या पाळीचा हिशेब मनाशी करून पाहावा. संरक्षण रोजचे, मोबदला वर्षानुवर्षांनी एकदा. कोणताही व्यवहारी गृहस्थ असा करार फायद्याचाच म्हणेल. म्हणूनच नगर निवांत होते. ब्राह्मण तर असेही बोलतो की मी पूर्वीच दुसरीकडे जाऊ म्हणत होतो, पण हिचा जन्म येथला, वडील येथले, म्हणून हिने ऐकले नाही. किती ओळखीचे बोलणे हे! आणि अखेर पाळी आली तेव्हा त्या घरात जे घडते ते वाचताना आजही कंठ दाटतो. बाप म्हणतो मी जातो, आई म्हणते मी जाते, मुलगी म्हणते मला पाठवा. आणि ज्याला अजून नीट बोलताही येत नाही असा मुलगा हातात गवताची काडी घेऊन म्हणतो की मी या काडीने राक्षसाला मारीन. त्या दुःखातही सगळ्यांना हसू येते. कुंती पुढे होते ती नेमकी त्याच क्षणी.

क्लार्क यांच्या कादंबरीत आणि या कथेत हजारो वर्षांचे आणि सात समुद्रांचे अंतर आहे. परंतु दोन्हींत करार एकच आहे. रक्षण आजचे, किंमत पुढच्या पिढीची. बकासुराने आपली किंमत आरंभीच सांगितली होती, एवढ्यापुरता तो कॅरेलनपेक्षा प्रामाणिक म्हणावा लागेल.

आमच्या घरी हे वाचन चालले ते असे. आमची धाकटी पुतणी इंग्रजी घेऊन बी. ए. झाली. तिला या कादंबरीवर निबंध लिहावयाचा होता. रात्रीची जेवणे आटोपली की ती एकेक प्रकरण वाची आणि मराठीत सांगे. माडीवरून मुले खाली येत, सुना ओटा आवरून येऊन बसत, आणि आमच्या मातोश्री जपमाळ हातात धरून ऐकत. पहिल्या आठवड्यात कॅरेलनच्या बाजूने घरातील बहुमत होते. महागाई नाही, आजार नाही, नोकरीसाठी वणवण नाही. आणखी काय पाहिजे? मातोश्रींनी तेवढे विचारले, “तोंड का दाखवीत नाही मेला?”

शेवटचे प्रकरण संपले त्या रात्री धाकट्या सूनबाईंनी हसत हसत विचारले, “आता खरे सांगा, आपल्या घरातला कॅरेलन कोण?” सगळे हसले, आणि मग कोणीच काही बोलेना. कारण त्याच सुमारास पुतणीच्या पुढील शिक्षणाचा विषय घरात चालू होता. तिच्या मनात हैदराबादेस जाऊन एम. ए. करावयाचे होते. तिच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या धाकट्या बंधूंनी, जळगावास प्रवेश, एसटीचा पास, नंतर बी. एड., आणि त्यानंतर जवळच्याच एखाद्या शाळेत नोकरी, असा सर्व बेत प्रेमाने आखून ठेवला होता. त्यात काढावे असे वैगुण्य एकही नव्हते. घरातील सर्वांचे मत पडले होते. तिचे तेवढे घ्यावयाचे राहिले होते. कुटुंबाचे कर्ते म्हणून शेवटचा शब्द आमचा, आणि तो अजून आम्ही उच्चारला नव्हता.

पुतणी म्हणाली, “अण्णा, कॅरेलन वाईट आहे असे मला मुळीच वाटत नाही. तो माणसांपेक्षा शहाणा आहे, आणि त्याचे सगळे निर्णय बरोबर निघतात. मला भीती वाटते ती त्याचीच. चुकणाऱ्या माणसाशी भांडता तरी येते.”

बंधूंचा चेहरा उतरला. ते म्हणाले, “अगं, पण परमुलखात काही बरेवाईट झाले तर?”

त्यावर मातोश्रींनी माळ खाली ठेवली. “कुंतीने भीमाला पाठवले तेव्हा धर्मराजही असाच रागावला होता,” एवढेच त्या म्हणाल्या.

आणि ते खरे आहे. भीम गाडा घेऊन जाणार हे कळताच युधिष्ठिर आईला बोल लावतो. ज्याच्या बळावर आपण सारे झोपतो, त्यालाच तू मरणाच्या दारी धाडतेस, हा काय अविचार, असे तो विचारतो. कुंती शांतपणे सांगते की मी अविचाराने किंवा लोभाने हे केलेले नाही. या घरात आपण सुखाने राहिलो, त्याची फेड झाली पाहिजे, आणि माझ्या मुलाचे बळ मला ठाऊक आहे. आम्हांस तिच्या या बोलण्यात हितकर्त्याची खरी पारख दिसते. बकासुरही रक्षण करीत होता आणि कुंतीनेही रक्षणच केले. बकासुर गाड्यावर दुसऱ्याचे मूल मागतो. कुंती गाड्यावर स्वतःचे मूल बसविते. ज्याच्या उपकाराची किंमत त्याच्या स्वतःच्या घरातून जाते तो हितकर्ता. ज्याच्या उपकाराची किंमत नेहमी आपल्याच घरातून जाते, तो कितीही गोड बोलला तरी पाळी लावणारा. औट्रमला, कॅरेलनला, आणि आजच्या काळी फुकट सुखसोयी देऊ करणाऱ्या कोणत्याही सत्तेला किंवा यंत्राला हेच माप लावून पाहावे.

आणि घरच्या वडीलधाऱ्यांसही हेच माप लावले पाहिजे. मुलांच्या सुरक्षिततेची किंमत जर मुलांच्याच कर्तृत्वातून वजा होत असेल, तर तो गाडा बकासुराकडे चालला आहे. त्यांना मोकळे सोडताना जी झोप उडते, जी काळजी पोखरते, ती आपण सोसली, म्हणजे किंमत आपल्या घरातून, आपल्या काळजातून गेली. एकत्र कुटुंबाला ही गोष्ट अवघड जाते, कारण आमच्या मायेत सगळ्यांचे मत आधीच ठरलेले असते. परंतु एकत्र कुटुंबाइतकी सोयही दुसऱ्या कोणास नाही. धाकटे चुकले तर उचलून घ्यावयास येथे दहा हात असतात. म्हणून चुकण्याची मुभा इतर घरांपेक्षा येथे अधिक मिळावी.

आम्ही आमचा शेवटचा शब्द पुढे दोन दिवसांनी उच्चारला. तो असा, की या बाबतीत शेवटचा शब्द तिचा. खर्चाचा अंदाज, राहण्याची सोय आणि दोन्हीकडचे नफेतोटे तिने स्वतः कागदावर मांडून वडिलांपुढे ठेवावेत. वडिलांनी आपल्या शंका मोकळेपणी सांगाव्यात. आणि मग तिने ठरवावे. ती काय ठरविते ते हा मजकूर लिहीपर्यंत कळलेले नाही. कदाचित ती जळगावासच राहील. आजीचा तिला फार लळा आहे. राहिली तरी तिचे राहणे हे तिचे असेल. बंधूंना मात्र हल्ली रात्री लवकर झोप लागत नाही, आणि ते माडीवर येरझारा घालताना ऐकू येतात. आम्ही त्यांना काही बोलत नाही. खऱ्या मायबापांस ही फेड करावीच लागते, हे त्यांनाही ठाऊक आहे.